कॉम्प्युटरच्या पोटात कोण कोण झोपलंय?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप. विंडोज असलेल्या कॉम्प्युटरवर या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची एक खिडकी उघडेल. तिच्यात ‘परफॉर्मन्स’वर जा, मग ‘सीपीयू’वर. वरखाली होणारा एक नागमोडी आलेख दिसेल. सगळ्यांची नजर आधी त्याच्यावरच जाते, पण आपल्याला तो नकोय. त्याच्या खाली बारीक अक्षरांत ‘थ्रेड्स’ असं लिहिलेलं असतं आणि तिथे एक आकडा असतो. तो वाचा.

तुम्ही काहीही करत नसाल, नुसते पडद्यावरच्या चित्राकडे बघत बसला असाल, तरी तो आकडा हजारांत असतो. दोन हजार, तीन हजार, कधी आणखी जास्त. आता तिथेच शेजारी ‘कोअर्स’ शोधा. तिथे चार, सहा, आठ असला काहीतरी किरकोळ आकडा सापडेल.

कोअर म्हणजे प्रोसेसरचा खरोखर काम करणारा भाग. थ्रेड म्हणजे त्याच्याकडून करून घ्यायचं एकेक काम. काम करणारे आठ आणि कामं तीन हजार! एवढा पसारा असूनही माउस हलवला की बाण लगेच हलतो, गाणं न अडखळता वाजतं, टाइप केलेलं अक्षर बोट उचलायच्या आत उमटतं. हे जमतं कसं?

त्यासाठी आधी थ्रेड म्हणजे नेमकं काय ते नीट समजून घेऊ. प्रोग्राम म्हणजे शेवटी सूचनांचं एक जाडजूड पुस्तक. हे कर, मग ते कर, तसं झालं तर अमक्या पानावर जा. कोअर म्हणजे ते पुस्तक वाचणारा आणि वाचेल तसं वागणारा. आणि थ्रेड? तुम्ही पुस्तकात मोरपीस ठेवता ना, तसं मोरपीस. ‘मी इथवर आलोय’ एवढं सांगणारी खूण. सोबत एक चिठ्ठीही असते. या क्षणी कुठले आकडे हाताशी होते, कुठल्या पानावरून इथे आलो, हे तिच्यावर टिपलेलं असतं. मोरपीस आणि चिठ्ठी जागेवर असली की वाचणारा बेलाशक पुस्तक मिटून दुसरं उघडतो, आणि परत येऊन जिथे थांबला होता तिथून पुढे जातो. पुस्तकाला पत्ताही लागत नाही की मधे कुणी उठून गेलं होतं.

एकाच पुस्तकात पाच मोरपिसं ठेवता येतील? खुशाल ठेवा. एक पहिल्या धड्यात, एक दहाव्यात, आणि हवी तर दोन एकाच ओळीवर. ब्राउझरसारखा मोठा प्रोग्राम अशी शंभरावर मोरपिसं सहज बाळगतो.

आता त्या तीन हजारांचं गुपित सांगते. त्यातले जवळपास सगळे झोपलेले असतात.

खरंच. एक थ्रेड कुणी पेनड्राइव्ह लावतंय का याची वाट बघत पडलेला असतो. एक प्रिंटरकडून निरोप यायची वाट बघतो. एकाला कोपऱ्यातल्या घड्याळाचा आकडा बदलायचा असतो, तो वेळ झाली की उठतो, बदलतो, पुन्हा आडवा. झोपलेल्या थ्रेडला प्रोसेसरचा एक क्षणही लागत नाही. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शेड्यूलर नावाचा एक भाग असतो. तो झोपलेल्यांची नावं वेगळी ठेवतो आणि ज्याची वाट होती ती गोष्ट घडली की तेवढ्याच एकाला उठवतो. आलेखावर वापर दोन-तीन टक्के दिसतो तो यामुळेच. म्हणून कॉम्प्युटर ‘एका वेळी हजारो कामं करतो’ असं कुणी म्हणालं की माझ्या मनात येतं, करतो कुठला, हजारोंना झोपवून ठेवतो. आणि हे झोपवणंच त्याचं खरं कसब आहे.

जे जागे असतात त्यांना शेड्यूलर पाळीपाळीने कोअरवर बसवतो. एकेका पाळीला काही मिलिसेकंद मिळतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. वाचणारा पुस्तकं बदलतो ते आपल्याला कळतसुद्धा नाही, कारण आपण फार हळू आहोत. तुम्ही सेकंदाला पाच अक्षरं टाइप करत असाल तर बऱ्यापैकी वेगवान म्हणायचे. पण ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके टाकतो. म्हणजे तुमच्या दोन अक्षरांच्या मधे त्याचे ६० कोटी ठोके होऊन जातात. तेवढ्यात त्याची इतर कितीतरी कामं होतात आणि तरी तो तुमच्या पुढच्या अक्षरासाठी ताटकळलेला असतो.

पूर्वी ही पाळी काढून घ्यायची सोय सगळीकडे नव्हती. विंडोज ३.१ च्या काळात प्रोग्रामने स्वतः होऊन ‘माझं झालं, आता दुसऱ्याला घ्या’ म्हणायची पद्धत होती. एखादा आडमुठा प्रोग्राम ते म्हणालाच नाही की सगळा कॉम्प्युटर ठप्प! २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ बाजारात आलं आणि त्यासाठी लिहिलेल्या नव्या प्रोग्रामांच्या हातून शेड्यूलर पाळी काढून घेऊ लागला. अ‍ॅपलच्या मॅकला हे जमायला २००१ उजाडलं.

पण तेव्हाही घरातल्या कॉम्प्युटरमध्ये वाचणारा एकटाच असायचा. कंपन्या दरवर्षी त्याचा वेग वाढवत होत्या. २००४ च्या सुमाराला गाडी अडली. वेग आणखी वाढवला की प्रोसेसर इतका तापायचा की त्याला गार ठेवणं परवडेना. मग इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांनी २००५ मध्ये डेस्कटॉपसाठी एका चिपवर दोन कोअर बसवून दिले. एकाला आणखी पळवता येत नाही ना, मग दोघं घ्या! तेव्हापासून प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या मागे नवी कटकट लागली, कारण पुस्तकात एकच मोरपीस असेल तर दुसरा वाचणारा रिकामाच बसून राहतो. काम वाटून द्यायचं ते प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच.

चला, आपणच एक प्रोग्राम लिहायला घेऊ. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे ६०० फोटो आहेत. सगळे मोबाइलवर काढलेले, मोठाले. ते लहान करायचे, म्हणजे पटकन पाठवता येतील. खिडकीत एक बटण ठेवू, ‘लहान करा’. एका फोटोला अर्धा सेकंद लागतो असं धरू. ६०० फोटोंना ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं.

बटण दाबलं. आणि खिडकी गोठली!

कारण असं. डेस्कटॉपवरच्या प्रत्येक प्रोग्रामात एक मुख्य थ्रेड असतो. खिडकी रंगवणं, माउस कुठे टेकला ते ऐकणं, कुठली कळ दाबली ते बघणं, हे सगळं तोच करतो. आपण भाबडेपणाने फोटोंचं कामही त्याच्याच गळ्यात मारलं. तो पाच मिनिटं फोटोंत बुडाला. तेवढा वेळ तुम्ही कितीही टिचक्या मारा, ऐकायला आहे कोण?

विंडोज पाच सेकंद वाट बघतं. एवढ्या वेळात खिडकीने काहीच ऐकलं नाही, तर ते एक युक्ती करतं. खऱ्या खिडकीच्या जागी तिच्यासारखीच दिसणारी एक खोटी, फिकट खिडकी उभी करतं आणि तिच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असं लिहितं. तुम्ही ती सरकवू शकता, लहान करू शकता, बंद करू शकता, पण आतलं एकही बटण चालत नाही. चालणार कसं, तो नुसता मुखवटा आहे. मायक्रोसॉफ्टचे लोक तिला ‘घोस्ट विंडो’ म्हणतात, म्हणजे चक्क भुताची खिडकी! पडद्यावर भूत दिसलं की लोक ‘कॉम्प्युटर बिघडला’ म्हणतात. पुष्कळदा बिघडलेलं काहीच नसतं. कुणीतरी मुख्य थ्रेडला नको तेवढं काम दिलेलं असतं, बस.

उपाय सोपा वाटतो. फोटोंसाठी दुसरा थ्रेड काढू, मुख्य थ्रेड मोकळा. खिडकी जिवंत राहिली, छान. पण पाच मिनिटं लागतातच की. कोअर तर आठ आहेत. मग हाव सुटते. एक थ्रेड कशाला? ६०० फोटो आहेत ना, ६०० थ्रेड काढू! सगळे फोटो एकदम लहान होतील!

वही काढा, हिशोब करू. मोबाइलच्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत १ कोटी २० लाख ठिपके असतात. डिस्कवर तो फोटो दाबून, घडी घालून ठेवलेला असतो म्हणून जागा कमी लागते. पण त्यावर काम करायचं तर घडी उलगडावी लागते, आणि मग प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. म्हणजे ३ कोटी ६० लाख बाइट, साधारण ३६ मेगाबाइट. गुणिले ६००. किती आले? २१,६०० मेगाबाइट, म्हणजे २१ गिगाबाइटच्या वर. तुमच्या कॉम्प्युटरची रॅम बहुधा ८ किंवा १६ गिगाबाइट असेल. रॅम भरली की कॉम्प्युटर उरलेलं सामान डिस्कवर टाकायला लागतो, आणि रॅमपुढे डिस्क म्हणजे कासव. पाच मिनिटांचं काम अर्धा तास खाईल.

शिवाय प्रत्येक थ्रेडची ती चिठ्ठी असते ना, तिलाही जागा लागते. विंडोज एका थ्रेडसाठी सहसा १ मेगाबाइट राखून ठेवतं. ६०० थ्रेडांचे ६०० मेगाबाइट. जुन्या ३२ बिटांच्या विंडोजमध्ये एका प्रोग्रामला वापरायला २ गिगाबाइटचीच मुभा असायची. त्यामुळे दोन हजारांच्या आसपास थ्रेड झाले की पुढचा थ्रेड काढायला ते साफ नकार द्यायचं.

आणि मला सगळ्यात जास्त खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. सहाशे जण आठ कोअरांसाठी पाळी लावून बसले. प्रत्येकाला काही मिलिसेकंद मिळाले, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. अर्ध्या वेळानंतर बघितलं तर ६०० च्या ६०० फोटो अर्धवट! हातात एकही पुरा नाही. वाचणाऱ्याचा वेळ पुस्तकं उघडण्या-मिटण्यात चालला तो आणखी वेगळा. ही अदलाबदल तशी मायक्रोसेकंदांतच उरकते, पण कोअरने आपल्याजवळच्या छोट्या मेमरीत गोळा करून ठेवलेली माहिती दर वेळी निकामी होते आणि ती पुन्हा आणावी लागते.

म्हणून अनुभवी माणसं काय करतात? थोडे थ्रेड काढतात आणि तेच ते पुन्हा पुन्हा वापरतात. याला थ्रेड पूल म्हणतात. समजा कोअर आठ आहेत, तर कामाचे थ्रेड सात काढा, एक कोअर मुख्य थ्रेडसाठी आणि इतर किरकोळ कामांसाठी राहू द्या. ६०० फोटोंची एक रांग करा. प्रत्येक थ्रेड रांगेतला पहिला फोटो उचलेल, लहान करेल, ठेवेल, पुढचा उचलेल. रांग संपली की झोपून जाईल. एका वेळी सातच फोटो उलगडलेले, म्हणजे सात गुणिले ३६, अवघे २५२ मेगाबाइट.

कुणी चुणचुणीत मुलगी विचारेल, रांग कशाला, आधीच ६०० भागिले ७ करून सरळ वाटून देऊ की. नको. काही फोटो साधे असतात, काही गर्दीचे आणि झगमगाटाचे. एकाच्या वाट्याला सगळे अवघड आले तर बाकीचे सहा जण आपलं उरकून झोपतील आणि तो एकटाच घासत बसेल. रांग असली की ज्याचं आधी झालं तो पुढचा उचलतो. कुणी हिशोब न करताही वाटणी बरोबर होते. अ‍ॅपलने २००९ मध्ये मॅकसाठी अशा रांगांची एक तयार व्यवस्थाच दिली. तिचं नाव ग्रँड सेंट्रल डिस्पॅच, न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल या भल्यामोठ्या रेल्वे टर्मिनलवरून ठेवलेलं. तिथे प्रोग्राम लिहिणारा थ्रेडांना हातच लावत नाही. तो कामं रांगेत टाकतो, किती थ्रेड काढायचे ते सिस्टिम ठरवते.

सात हा आकडा काही देवाने दिलेला नाही बरं का. फोटो लहान करणं म्हणजे निव्वळ आकडेमोड, तिथे कोअरांइतकेच थ्रेड पुरे. पण काम इंटरनेटवरून फाइली उतरवून घ्यायचं असेल, तर थ्रेड बहुतेक वेळ वाट बघत झोपलेलाच असणार. तिथे वीस काढले तरी चालतात. उलट फोटो जुन्या, गरगर फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर असतील, तर खूप थ्रेडांनी एकदम वाचायला घेणं वाईटच. तिच्यातल्या वाचणाऱ्या सुया एकाच दांड्यावर असतात. सात जण सात ठिकाणच्या फाइली मागायला लागले की तो नुसता इकडून तिकडे धावत सुटतो.

आता आपल्या खिडकीत ‘किती झाले’ असा आकडा दाखवू. एक मोजणी ठेवायची, आणि फोटो झाला की प्रत्येक थ्रेडने तिच्यात एक मिळवायचा. यात कसली आलीय अडचण?

काम संपलं. फोल्डरमध्ये लहान फोटो ६००. मोजणी म्हणतेय ५९८.

पुन्हा चालवलं, ६००. पुन्हा, ६००. आणखी एकदा, ५९९. ही काय भुताटकी?

‘एक मिळव’ हे आपल्याला एक काम वाटतं. कोअरसाठी ती तीन असतात. मोजणी वाच, तिच्यात एक मिळव, उत्तर परत लिही. आता समजा मोजणी ४१ आहे. पहिल्या थ्रेडने वाचली, ४१. तो उत्तर लिहायच्या आत दुसऱ्या थ्रेडनेही वाचली, त्यालाही ४१ च दिसले. पहिल्याने ४२ लिहिले. दुसऱ्यानेही आपलं उत्तर लिहिलं, ४२. फोटो दोन झाले, मोजणी एकानेच वाढली. कुणीच चुकलं नाही! दोघांनी आपापलं काम अगदी सांगितल्याप्रमाणे केलं. फक्त वेळ वाईट जुळली. आणि ती दर वेळी जुळत नाही, म्हणून ही चूक पकडायला महाकठीण. शोधायला बसलं की हटकून लपते, आणि चार लोकांसमोर प्रोग्राम दाखवायला घेतला की हटकून दर्शन देते.

यावर उपाय म्हणजे लॉक, कुलूप. मोजणीला हात लावायच्या आधी लॉक घ्यायचं, काम झालं की सोडायचं. एकाकडे लॉक असेपर्यंत दुसरा थांबेल, म्हणजे अर्थातच झोपेल. एवढ्याशा मोजणीसाठी तर प्रोसेसरमध्येच खास सूचना असते, जी वाचणं, मिळवणं, लिहिणं हे तिन्ही एका दमात करते, मधे कुणाला घुसू देत नाही.

पण लॉक आलं की नवं लचांड आलं. समजा दोन लॉक आहेत, एक फोटोंच्या यादीचं, एक मोजणीचं. एका थ्रेडने यादीचं लॉक घेतलं आणि तो मोजणीच्या लॉकसाठी थांबला. दुसऱ्याने मोजणीचं आधी घेतलं आणि तो यादीच्या लॉकसाठी थांबला. ‘आधी तू सोड.’ ‘नाही, आधी तू.’ दोघंही झोपले, ते कायमचे. याला डेडलॉक म्हणतात.

नेदरलँड्सचे एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये याच अडचणीवर विद्यार्थ्यांना परीक्षेत एक प्रश्न घातला होता. प्रश्नात होते कॉम्प्युटर, आणि ते टेपवर माहिती साठवणाऱ्या यंत्रांसाठी भांडत होते. पुढे इंग्लंडच्या टोनी होअर यांनी त्याची गोष्ट केली. गोल टेबलाभोवती पाच तत्त्वज्ञ बसलेत, मधे काटे पाचच, आणि जेवायला प्रत्येकाला दोन काटे लागतात. सगळ्यांनी एकदम डावीकडचा काटा उचलला तर पाचही जण उपाशी! परीक्षेतला प्रश्न इतका गाजल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. आजही जगभर कॉम्प्युटर शिकणाऱ्यांना तो सोडवावा लागतो. एक उत्तर तुम्हीही काढू शकाल. लॉकांना क्रमांक द्यायचे आणि सगळ्यांनी नेहमी लहान क्रमांकाचं लॉक आधी घ्यायचं. बसा कागदावर आणि पाच तत्त्वज्ञांना हा नियम लावून बघा.

लॉकमुळे झालेला घोळ एकदा थेट मंगळापर्यंत पोचला. डेस्कटॉपशी याचा संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरलं. त्याच्या पोटात सोजर्नर नावाची छोटी सहाचाकी गाडी होती. सगळं झकास चाललं होतं, आणि काही दिवसांनी यानातला कॉम्प्युटर अधूनमधून आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. दर वेळी त्या दिवसाचं उरलेलं काम राहून जायचं.

त्या कॉम्प्युटरमध्ये कामांना मान ठरवून दिलेले होते. यानाच्या भागांमधली माहितीची ने-आण बघणारं काम फार मानाचं. हवामानाची माहिती गोळा करणारं काम अगदी खालचं. दोघांना मधूनमधून एकच लॉक लागायचं. एखाद्या वेळी हवामानवाल्याने लॉक घेतलेलं असायचं आणि मानकरी त्याच्यासाठी थांबायचा. तेही ठीक, क्षणभराचा प्रश्न. पण नेमकं तेव्हाच मधल्या मानाचं एखादं लांबलचक काम उठायचं. हवामानवाल्यापेक्षा त्याचा मान मोठा, म्हणून कोअर त्याला मिळायचा. हवामानवाला पुढे सरकेना, त्यामुळे लॉक सुटेना, त्यामुळे मानकरी अडकलेला. यानात पहारा ठेवणारं आणखी एक काम होतं. त्याला दिसायचं की एवढं महत्त्वाचं काम वेळेत झालेलं नाही, म्हणजे काहीतरी भयंकर बिघडलंय. ते सरळ कॉम्प्युटरच बंद करून पुन्हा चालू करायचं.

यानाच्या सॉफ्टवेअरचं काम ग्लेन रीव्ह्ज यांच्या गटाकडे होतं. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत यानासारख्याच कॉम्प्युटरवर तोच प्रोग्राम चालवत ठेवला, ती वाईट वेळ पुन्हा जुळून येईपर्यंत. जुळली, आणि चोर सापडला. उपाय त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीपासूनच होता, फक्त चालू केलेला नव्हता. मानकरी ज्याच्यासाठी थांबलाय, त्याला लॉक सोडेपर्यंत मानकऱ्याचा मान द्यायचा. मग मधला कुणी त्याला हटवू शकत नाही. ही सोय चालू करणारा छोटासा बदल पृथ्वीवरून मंगळावर पाठवला गेला, आणि कॉम्प्युटर बंद पडायचा थांबला. महिनाभरासाठी पाठवलेलं ते यान सप्टेंबरच्या शेवटापर्यंत बोलत राहिलं.

असो, परत आपल्या फोटोंकडे. खिडकीत ‘रद्द करा’ असं बटण नको का? हवंच. पण काम करणाऱ्या थ्रेडला मधेच ठार करायचं नाही. त्याच्या हातात लॉक असेल तर ते कधीच सुटणार नाही आणि बाकीचे सगळे अडकतील. सभ्य रीत अशी की मुख्य थ्रेड एक निशाण उभारून ठेवतो, ‘थांबायचंय’. काम करणारा प्रत्येक फोटोनंतर निशाणाकडे बघतो आणि उभारलेलं दिसलं की हातातलं आवरून निघतो. काही प्रोग्राम ‘रद्द’ म्हटल्यावरही दोन-तीन सेकंद रेंगाळतात ना? ते पुष्कळदा आवराआवर करत असतात. आणि काम करणाऱ्याने खिडकीवर स्वतः काही रंगवायचं नाही. त्याने मुख्य थ्रेडला निरोप ठेवायचा, रंगवणं मुख्य थ्रेडचं.

मग हजार कोअरांचा कॉम्प्युटर आणला तर फोटो डोळ्याची पापणी लवते तोवर होतील? अमेरिकेचे जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच या उत्साहावर थंड पाणी ओतून ठेवलंय. समजा लहान झालेल्या फोटोंचा शेवटी एक अल्बम बांधायचा आहे, आणि ते काम वाटता येत नाही. त्याला ३० सेकंद लागतात. एका कोअरवर एकूण ३३० सेकंद. चार कोअरांवर ७५ अधिक ३०, म्हणजे १०५. शंभर कोअरांवर ३ अधिक ३०, म्हणजे ३३. आणि हजार कोअरांवर? ३० सेकंद आणि वर थोडंसं. चारवरून शंभरवर जाताना जवळपास सव्वा मिनिट वाचलं. पुढचे नऊशे कोअर आणून तीन सेकंदही वाचले नाहीत.

हे आकडे माझे मानलेले आहेत. खरे आकडे तुम्हीच काढा. सेव्हन-झिप नावाचा एक फुकट प्रोग्राम मिळतो, फाइली दाबून लहान करणारा. मोठ्या माणसांना विचारून तो कॉम्प्युटरवर घ्या. तो उघडला की वरच्या ‘टूल्स’ यादीत ‘बेंचमार्क’ आहे. त्यात किती थ्रेड वापरायचे ते निवडता येतं. आधी १ निवडा, मिनिटभर चालू द्या आणि ‘रेटिंग’चा आकडा वहीत लिहा. मग २, ४, ८, १६. शेजारी मेमरी किती लागतेय तेही लिहा. थ्रेड वाढतील तशी मेमरी वाढत जाईल. रेटिंग मात्र एका जागी येऊन अडेल. ती जागा कोअरांच्या आकड्याशी ताडून बघा. काही प्रोसेसरांत एकेक कोअर दोन थ्रेड एकदम सांभाळतो, टास्क मॅनेजरमध्ये ‘लॉजिकल प्रोसेसर्स’चा आकडा कोअरांच्या दुप्पट दिसतो तो अशांचाच. तिथे चार कोअरांनंतरही आठ थ्रेडांपर्यंत रेटिंग थोडं थोडं चढेल, पण आधीसारखी उडी मारणार नाही. एकाच्या तुलनेत चार थ्रेडांचं रेटिंग बरोबर चौपट आलं नाही तरी घाबरू नका. एकटाच कोअर राबत असतो तेव्हा प्रोसेसर त्याला जास्त वेगाने पळू देतो, सगळे राबायला लागले की तापू नये म्हणून वेग जरा उतरवतो. पंख्याचा आवाज वाढेल, तो वाढू द्या. आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच प्रयोग करा. बॅटरीवर पुष्कळ लॅपटॉप हात आखडता घेतात, मग तुमचे आणि मैत्रिणीचे आकडे जुळायचे नाहीत.